खोडरबर नसलेली वही

सहामाही परीक्षा संपली, पेपर हातात आले, घरी दाखवूनही झाले असतील. (दाखवलेत ना?) चला तर मग, आता जरा निवांत गप्पा मारू या.

या आठवड्यात मला एक पत्र आलं. नववीतल्या एका मैत्रिणीचं. तिचं नाव मी मुद्दामच सांगत नाही, कारण पत्र एका भांडणाबद्दल आहे आणि ते भांडण अजून मिटलेलं नाही.

झालं असं. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी चौघांनी मिळून एक प्रकल्प घेतला. प्लॅस्टिकची बाटली कापून, तिचं तोंड उलटं बसवून चौघांनी आपापल्या घरी पर्जन्यमापक तयार केलं. जून ते सप्टेंबर रोज सकाळी पाऊस मोजला. नोंदी संगणकावर भरायच्या आणि ती फाइल एकमेकांना मोबाइलवर पाठवायची, असं ठरलं. पहिल्या फाइलचं नाव होतं 'पाऊस'. मग आली 'पाऊस नवा'. मग 'पाऊस फायनल', 'पाऊस फायनल २' आणि शेवटी 'पाऊस खरंच फायनल'! (हसू नका. तुमच्या घरच्या संगणकावरही अशी फाइल सापडेल. आईबाबांच्या कामाच्या फाइलींत तर नक्कीच सापडेल.)

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी पाहतात तर काय, एका घरच्या जुलै महिन्यातल्या सोळा दिवसांच्या नोंदी गायब! कुणी उडवल्या? सगळ्यांची बोटं एकाच मित्राकडे वळली. तो म्हणाला, "मी काही उडवलं नाही, मी फक्त दुरुस्ती केली." झालं! त्या दिवसापासून तिघं एकीकडे आणि तो एकटा एकीकडे. डबाही वेगळा, बाकही वेगळा.

पत्राच्या शेवटी प्रश्न आहे, "ताई, तुम्हीच सांगा, चूक कुणाची?"

न्यायाधीशाच्या खुर्चीत बसायला मला मुळीच आवडत नाही. पण या प्रश्नाला उत्तर देण्याआधी मी माझीच एक फजिती सांगते. तीही पावसाचीच आहे, बरं का!

दोघंही बरोबर, उत्तर मात्र चूक

काही वर्षांपूर्वी मी संशोधन करत होते. माझ्याकडे पावसाच्या खूप जुन्या नोंदी होत्या. जुन्या काळी आपल्याकडे पाऊस इंचांत मोजत. आता मिलिमीटरमध्ये मोजतात. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, हे तुम्हाला माहीतच आहे. या सगळ्या नोंदी वाचून त्यांचे आलेख काढणारा एक प्रोग्रॅम मी लिहिला होता. प्रोग्रॅम म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांची यादी. अमुक वाच, तमुक गुण, याची बेरीज कर, आलेख काढ. माझ्याबरोबर आणखी एक जण काम करत होता, पण तो दुसऱ्या शहरात. आम्ही फाइली ई-मेलनं पाठवायचो. आमच्याही फाइलींची नावं 'नवी', 'शेवटची' आणि 'शेवटची दुरुस्त' अशीच होती!

एके दिवशी आलेख पाहिला आणि मी उडालेच. एका दिवसाचा पाऊस २,०३२ मिलिमीटर! आता विचार करा, २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली, त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. आमच्या आलेखात त्याच्या दुपटीहून जास्त! जगातला एका दिवसातला सर्वांत जास्त पाऊस हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर जानेवारी १९६६ मध्ये नोंदला गेला, तो १,८२५ मिलिमीटर. आम्ही बसल्या जागी जागतिक विक्रम मोडला होता!

चूक शोधायला फार वेळ लागला नाही. त्या दिवशी खरा पाऊस होता ८० मिलिमीटर. ८० ला २५.४ ने गुणा पाहू. बरोबर, २,०३२! म्हणजे गुणाकार दोनदा झाला होता. मी प्रोग्रॅममध्ये लिहिलं होतं, 'जुन्या नोंदींना २५.४ ने गुण'. आणि माझ्या मित्रानं, मला मदत व्हावी म्हणून, नोंदींची फाइलच इंचांतून मिलिमीटरमध्ये बदलून ठेवली होती. त्याचं काम बरोबर. माझंही बरोबर. दोन्ही एकत्र आल्यावर मात्र सगळं चूक.

खरी पंचाईत पुढे होती. तोवर आम्ही पुष्कळ आलेख काढून ठेवले होते. त्यांतला कोणता आलेख त्या बदलाच्या आधीचा आणि कोणता नंतरचा? काही केल्या सांगता येईना. फाइल कोणत्या दिवशी बदलली, ते मित्राला आठवेना. त्या वेळी माझा प्रोग्रॅम कसा होता, ते मला आठवेना. शेवटी सगळे आलेख पुन्हा पहिल्यापासून काढले. तीन आठवडे त्यात गेले.

मी रडवेली होऊन आमच्या सरांकडे गेले. मला वाटलं, आता चांगली हजेरी घेणार. पण सर रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "प्रयोगवहीत खोडरबर वापरतेस का गं?"

"नाही सर."

"मग संगणकावर का वापरतेस?"

शाईनं लिहा, खोडू नका

सरांच्या प्रश्नाचा अर्थ तुमच्या लक्षात आला का? संशोधकाच्या प्रयोगवहीचे काही नियम असतात. पानांना क्रमांक हवेत. लिहायचं ते शाईनं. आकडा चुकला तर खोडायचा नाही, गिरगटायचा तर मुळीच नाही. त्यावर एकच आडवी रेघ मारायची. खालचा जुना आकडा वाचता आला पाहिजे! शेजारी नवा आकडा, तारीख आणि सही. कारण कधी कधी जुना आकडाच बरोबर निघतो. तो खोडून टाकला असेल, तर गेला तो कायमचा.

संगणकावरची फाइल मात्र कशी असते? पाटीसारखी. ओला बोळा फिरवला की कालचं सगळं पुसलं. आज जे दिसतं तेच खरं.

या पाटीची वही करणारे प्रोग्रॅम असतात. इंग्रजीत या पद्धतीला 'व्हर्जन कंट्रोल' म्हणतात. आपण म्हणू 'बदलांची वही'. अशा प्रोग्रॅमांपैकी आज जगात सर्वांत जास्त वापरला जाणारा म्हणजे 'गिट'. सरांनी मला तोच शिकायला लावला.

गिटचं काम कसं चालतं, सांगते. तुम्ही प्रोग्रॅममध्ये एखादा बदल केलात आणि तो मनासारखा झाला, की गिटला सांगायचं, 'ही नोंद पक्की कर'. याला म्हणतात 'कमिट' करणं. गिट त्या क्षणी सगळ्या फाइली जशा आहेत तशा लक्षात ठेवतो. सोबत चार गोष्टी येतात : काय बदललं, कुणी बदललं, केव्हा बदललं आणि का बदललं. यातलं 'का' तेवढं तुम्ही स्वतःच्या शब्दांत लिहायचं. बाकीचं गिट सांभाळतो. मग वर्षानंही मागे जाऊन सांगता येतं, 'मला तीन मार्चचा प्रोग्रॅम दाखव'. की आला समोर!

गंमत म्हणजे प्रत्येक नोंदीला गिट एक खूण देतो. अंक आणि इंग्रजी अक्षरं मिळून चाळीस चिन्हांची. आपल्या अंगठ्याच्या ठशासारखीच ही खूण. नोंदीतला एक स्वल्पविराम जरी बदलला तरी खूण पार वेगळी येते. त्यामुळे गुपचूप जुन्या पानात फेरफार करायला जावं, तर ते लपत नाही.

आता मी हुशारी कशी केली तेही ऐका. पहिल्या आठवड्यात 'का बदललं' या जागी मी लिहिलं, 'बदल', 'अजून बदल', 'आता चालतंय', 'आता नक्की चालतंय'. सहा महिन्यांनी तीच वही वाचायला घेतली, तर मलाच काही कळेना. मग शहाणी झाले. 'जुन्या नोंदी इंचांत आहेत म्हणून प्रोग्रॅममध्ये २५.४ ने गुणलं. मूळ फाइल तशीच आहे.' अशी नोंद हवी! ती वाचून दुसऱ्या शहरातला माणूसही समजेल, आणि वर्षभरानंतरची मीसुद्धा.

तीन माणसं, तीन वेळा

अशा वह्यांची सुरुवात फार जुनी आहे. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी अशी पहिली प्रसिद्ध पद्धत तयार केली. १९८० च्या दशकात वॉल्टर टिकी यांनी दुसरी केली. पण त्यांत एक अडचण होती. एकानं फाइल बदलायला घेतली की तिला जणू कुलूप लागायचं. वाचनालयातलं पुस्तक एकानं नेलं की दुसऱ्याला थांबावं लागतं ना, तसंच.

आता चला हॉलंडमधल्या ॲमस्टरडॅमला. तिथल्या एका विद्यापीठात डिक ग्रून नावाचे प्राध्यापक आणि त्यांचे दोन विद्यार्थी मिळून एक मोठा प्रोग्रॅम लिहीत होते. साल १९८४-८५. तिघांच्या वेळांचा मेळ मात्र काही जमेना. एक विद्यार्थी घड्याळ लावल्यासारखा नऊ ते पाच काम करणारा. दुसऱ्याचा काही नेम नाही. आणि सरांना वेळ मिळायचा तो संध्याकाळीच. एकानं फाइलला कुलूप लावून घरी जावं आणि दुसऱ्यानं ताटकळत बसावं, हे कसं चालणार?

मग ग्रून सरांनी एक युक्ती काढली. कुलूपच नको! तिघांनीही आपापली प्रत घ्यायची, आपापल्या वेळेला काम करायचं आणि नंतर तिन्ही प्रतींतले बदल एकत्र जुळवायचे. ही पद्धत त्यांनी १९८६ मध्ये सगळ्यांसाठी खुली केली. तिचं नाव 'सीव्हीएस'. पुढे कितीतरी वर्षं जगभरचे लोक ती वापरत होते. एक शिक्षक आणि दोन विद्यार्थी यांच्या वेळापत्रकाच्या घोळातून केवढी मोठी गोष्ट निघाली पाहा!

गिटची गोष्ट त्यानंतरची. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये, विद्यार्थी असताना, लिनक्स ही संगणक-प्रणाली लिहायला घेतली. पुढे जगभरातून असंख्य लोक तिच्यात भर घालू लागले. त्यांचे बदल सांभाळायला जो प्रोग्रॅम वापरत होते, त्याची फुकट वापरायची सवलत २००५ मध्ये बंद झाली. आता काय करायचं? टोरवाल्ड्स यांनी स्वतःच नवा प्रोग्रॅम लिहायला घेतला. ३ एप्रिलला सुरुवात केली आणि ७ एप्रिलला गिटमधले बदल नोंदवायला गिटच वापरायला लागले! त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी हे काम जुनिओ हमानो यांच्या हाती सोपवलं.

आणि 'गिट' या नावाचा अर्थ ठाऊक आहे? इंग्लंडच्या बोलीत तो चक्क एक शिवीवजा शब्द आहे, साधारण 'हेकट, आगाऊ माणूस' अशा अर्थाचा. टोरवाल्ड्स गमतीनं म्हणाले होते, की मी माझ्या सगळ्या कामांना स्वतःचंच नाव देतो. आधी लिनक्स, आता गिट!

फांदी आणि 'भांडण'

गिट शिकताना मला सर्वांत आवडली ती 'ब्रँच', म्हणजे फांदी. समजा, चालू प्रोग्रॅममध्ये तुम्हाला एक नवी कल्पना करून पाहायची आहे. जमेल की फसेल, माहीत नाही. मग मूळ खोडाला धक्का न लावता एक फांदी काढायची आणि तिच्यावर हवे ते प्रयोग करायचे. जमलं तर फांदी खोडाला जोडायची, म्हणजे 'मर्ज' करायची. फसलं तर सोडून द्यायची. खोड जसंच्या तसं! पूर्वी चालू प्रोग्रॅमला हात लावायला मी घाबरायचे. 'बिघडलं तर?' फांदी आली आणि भीती पळाली. बिघडलं तर बिघडलं, मागे जाता येतंच की!

आणि सर्वांत भीती वाटली ती 'कॉन्फ्लिक्ट'ची. कॉन्फ्लिक्ट म्हणजे भांडण, तंटा. पहिल्यांदा तो शब्द पडद्यावर आला तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. वाटलं, मोडलं सगळं! पण तसं काही नसतं. दोघांनी एकच ओळ दोन तऱ्हांनी बदलली असेल, तर गिट दोन्ही ओळी एकाखाली एक मांडतो :

माझी ओळ : पाऊस = नोंद × २५.४
मित्राची ओळ : पाऊस = नोंद ÷ १०

आणि थांबतो. यांतली कोणती घ्यायची ते गिट ठरवत नाही. जणू तो म्हणतो, 'बाबांनो, हे माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. तुम्ही दोघं बसा, बोला आणि ठरवा.' म्हणजे नाव भांडणाचं असलं, तरी ते खरं तर बोलण्याचं आमंत्रण असतं!

आता तुमच्यातला एखादा चौकस विचारेल, "ताई, तेव्हा गिट असता तर तुमची ती २५.४ ची चूक त्यानं पकडली असती का?"

शाब्बास! प्रश्न चांगला आहे आणि उत्तर आहे, नाही. मी बदलला होता प्रोग्रॅम आणि मित्रानं बदलली होती नोंदींची फाइल. दोन वेगळ्या जागा. गिटनं दोन्ही बदल मुकाट्यानं जोडून टाकले असते. गिटला ओळी कळतात, पाऊस कळत नाही! म्हणून आम्ही नंतर एक नियम केला. एकाचा बदल दुसऱ्यानं वाचल्याशिवाय खोडाला जोडायचा नाही. मात्र गिट असता, तर चूक केव्हा शिरली ते काही मिनिटांत सापडलं असतं. तीन आठवडे लागले नसते.

ते कसं? तुम्ही 'माझ्या मनातला आकडा ओळख' हा खेळ खेळता ना? एक ते शंभरमधला आकडा. हुशार मुलगा काय विचारतो? "पन्नासपेक्षा मोठा?" मग "पंचवीसपेक्षा मोठा?" दर वेळी निम्मे आकडे बाद! गिटही हेच करतो. समजा, शंभर बदल झाले आणि त्यांतल्या कुठल्यातरी एकात चूक शिरली. मग मधला, म्हणजे पन्नासावा बदल झाल्यानंतरचा प्रोग्रॅम चालवून पाहायचा. बरोबर चालला? मग चूक पुढच्या पन्नासांत. चुकला? मग अलीकडच्या पन्नासांत. असं करत शंभर बदलांतला नेमका एक बदल जास्तीत जास्त सात खेपांत सापडतो.

कृष्णविवराचा फोटो आणि ओळींची मोजदाद

तुम्ही म्हणाल, ही पावसाची गोष्ट झाली. मोठे शास्त्रज्ञ काय करतात? ऐका तर.

१० एप्रिल २०१९ ला कृष्णविवराचं पहिलं छायाचित्र जगानं पाहिलं. आठवतं ना, काळ्या गोलाभोवतीचं ते केशरी कडं? ते कृष्णविवर आपल्यापासून साडेपाच कोटी प्रकाशवर्षं दूर आहे आणि त्याचं वस्तुमान आपल्या सूर्याच्या साडेसहाशे कोटी पट आहे. पृथ्वीवरच्या वेगवेगळ्या ठिकाणच्या दुर्बिणींनी एप्रिल २०१७ मध्ये एकाच वेळी त्याच्याकडे पाहिलं आणि दोनशेहून अधिक संशोधकांनी त्या माहितीवर काम केलं. चित्र तयार करणाऱ्यांनी तर आपले चार गट पाडले. कोणत्याही गटानं दुसऱ्याशी बोलायचं नाही, आपापलं चित्र काढायचं. चारही चित्रांत तसंच कडं दिसलं, तेव्हाच त्यांना भरवसा वाटला. चार फांद्या वाढू द्यायच्या आणि मग जुळवून पाहायच्या, तसंच झालं की हे!

या कामासाठी वापरलेल्या प्रोग्रॅमांपैकी एक, बदलांच्या वहीसकट सगळ्यांना पाहायला खुला होता. कुणी कधी काय बदललं, सगळं त्यात होतं. आता खरी गोष्ट पुढे आहे. केटी बाउमन नावाच्या तरुण संशोधिकेचा आनंदानं चमकणारा चेहरा वर्तमानपत्रांत झळकला. काही लोकांना ते खुपलं. त्यांनी ती वही उघडली, ओळी मोजल्या आणि ओरडा सुरू केला, 'प्रोग्रॅमच्या नऊ लाख ओळींपैकी साडेआठ लाख तर अँड्र्यू चेल यांच्या नावावर आहेत! मग हिचं कौतुक कशाला?'

हे ऐकून चेल खूश झाले असतील, असं वाटतं ना? मुळीच नाही. त्यांनी जाहीरपणे सांगितलं, की साडेआठ लाख ओळी मी लिहिलेल्याच नाहीत. त्यांतल्या पुष्कळशा नुसत्या आकड्यांच्या फाइलींमधल्या आहेत. प्रोग्रॅमच्या खऱ्या ओळी आहेत सुमारे ६८ हजार, आणि त्यांतल्या माझ्या किती याची मला पर्वा नाही. केटीच्या कामाशिवाय हे यश मिळालंच नसतं. माझं नाव पुढे करून माझ्या सहकारी मैत्रिणीवर हल्ला करू नका.

एकानं दहा दिवस विचार करून दोन ओळी लिहिल्या. दुसऱ्यानं एका मिनिटात हजार आकड्यांची फाइल आणून ठेवली. वहीत दुसऱ्याच्या नावावर हजार ओळी दिसणार. मग मोठं काम कुणाचं? वही 'काय, केव्हा, का' हे सांगते. माणूस किती मोलाचा, ते सांगायला ती बनवलेलीच नाही.

गिटमध्ये एक आज्ञा आहे. कोणती ओळ शेवटी कुणी बदलली ते ती दाखवते. तिचं नाव आहे 'ब्लेम', म्हणजे 'दोष द्या'! मला हे नाव अजिबात आवडत नाही. कारण ती आज्ञा मी जेव्हा जेव्हा वापरते, तेव्हा भांडायला नाही, तर विचारायला. 'ही ओळ तू लिहिलीस ना? तेव्हा तुझ्या मनात काय होतं?' आणि खरं सांगू? दहातल्या सहा वेळा ती ओळ माझीच निघते!

तर मग, चूक कुणाची?

आता पत्राकडे येते. मैत्रिणी, तू लिहिलं आहेस की तुझा मित्र म्हणतो, 'मी दुरुस्ती केली'. मग तुमच्यापैकी कुणी त्याला विचारलं का, कसली दुरुस्ती? का केलीस? तुझ्या पत्रात ते कुठेच नाही, म्हणून मला शंका येते. कदाचित त्याच्या लक्षात आलं असेल, की त्या घरची बाटली सोळा दिवस पागोळ्यांखाली होती आणि तिच्यात छपराचंही पाणी पडत होतं. तसं असेल, तर तो त्या नोंदींबद्दल बरोबरच बोलत होता. कदाचित त्याच्या हातून त्या चुकून गेल्या असतील. मला माहीत नाही, आणि तुलाही माहीत नाही. कारण तुमच्याकडे वही नव्हती. 'का' लिहून ठेवायला जागाच नव्हती. त्यानं न विचारता नोंदी काढल्या असतील, तर ते चुकलंच. पण न विचारता त्याला गुन्हेगार ठरवलंत, हेही चुकलं.

एक आनंदाची बातमी देऊ? तुमच्या नोंदी बहुतेक गेलेल्या नाहीत. मोबाइलवर एकमेकांना पाठवलेल्या जुन्या फाइली शोधा. 'पाऊस नवा' किंवा 'पाऊस फायनल' यांत त्या असतील. म्हणजे तुमच्याकडे एक वेडीवाकडी वही होतीच! चौघं मिळून त्या फाइली तारखेनं लावा. चौघं, हं! त्याला सोडून नाही. आणि मग पहिला प्रश्न त्याला विचारा : 'तुझ्या मनात काय होतं?'

या आठवड्याचा उपक्रम

घरी संगणक नसला तरी चालेल. दोघांनी किंवा तिघांनी मिळून एक गोष्ट लिहा. रोज एकानं थोडा बदल करायचा. नियम असे :

१. लिहायचं शाईनं. खोडरबर आणि पांढरी शाई दोन्ही बंद.
२. बदलायचं ते एका आडव्या रेघेनं. जुनं वाचता आलं पाहिजे.
३. शेवटच्या पानावर चार रकाने करा : तारीख, काय बदललं, का बदललं, कुणी.
४. 'का'च्या रकान्यात 'असंच' लिहिलेलं चालणार नाही!
५. दुसऱ्याचा बदल आवडला नाही तर रेघ मारण्याआधी त्याच्याशी बोला.

मोठ्या मुलांसाठी आणि पालकांसाठी दोन शब्द. गिट विनामूल्य आहे आणि घरच्या साध्या संगणकावरही चालतो. प्रोग्रॅम नसेल, तर निबंधाच्या साध्या मजकुरावरही त्याचा सराव करता येतो. मात्र एक सावधगिरी. ही वही विसरत नाही, हाच तिचा गुण आणि हीच तिची जोखीम! पासवर्ड, पत्ता, फोन नंबर अशा गोष्टी तिच्यात कधीही ठेवू नका. नंतर फाइलीतून काढल्या तरी जुन्या पानांत त्या राहतात.

तुमच्यातलं कुणी उद्या खगोलशास्त्रज्ञ होईल, कुणी हवामानतज्ज्ञ. आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभारण्याचं ठरलं आहे. लायगोचं काम अनेक देशांतले संशोधक मिळून करतात, आणि त्यांचे प्रोग्रॅमही अशाच वह्यांत असतात. तिथे जाल तेव्हा तुम्हाला दोन गोष्टी यायला हव्यात. आपली चूक न लपवता लिहून ठेवता येणं आणि दुसऱ्याची चूक दिसली की आधी 'का?' विचारता येणं. पहिलीसाठी गिट मदत करतो. दुसरी आपली आपणच शिकायची.

जाता जाता एक कोडं. शंभर बदलांतला चुकीचा बदल सात खेपांत सापडतो. मग दोनशे बदलांतला शोधायला जास्तीत जास्त किती खेपा लागतील? चौदा म्हणणाऱ्यांनो, घाई करू नका! पोस्टकार्डावर उत्तर पाठवा आणि कसं काढलं तेही लिहा. चुकलं तर रेघ मारा, खोडू नका हं!

आणि हो, मैत्रिणी, त्यानं काय उत्तर दिलं ते मला नक्की कळव. मी वाट पाहते आहे.

तुमची,
विज्ञानताई